वर उजव्या कोपऱ्यातला ठिपका

हेडसरांच्या खोलीत घड्याळाखाली एक कार्डशीट लावलं होतं. त्यावर एकेचाळीस निळे ठिपके होते, सगळे माझ्या हातचे. सोमवारी सकाळी मस्टरवर सही करायला गेले तर ठिपक्यांच्या पोटातून एक आडवी लाल रेघ गेलेली. पट्टीसुद्धा लावली नव्हती, जाड मार्कर नुसता फर्रकन ओढला होता. रेघेखाली सात ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी लाल अक्षरात एकेका लेकराचं नाव.

मी एकाही ठिपक्याला नाव दिलं नव्हतं. वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की ठिपक्याला नाव नसतं म्हणून तर कुणाला लाज वाटत नाही.

"सर, हे काय?"

"या, भिंगारदिवे बाई. तुमचं कौतुकच करणार होतो." पालवे सर खुर्चीत मागे रेलले. कानिफनाथ पालवे, आमचे मुख्याध्यापक. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून जेवणसुद्धा विसरणारा माणूस. "तीन वर्षं मी म्हणत होतो, ही वस्तीवरची पोरं निकाल खाली ओढतात. तुम्ही तर चित्रच काढून दिलंत."

हे चित्र मी कशासाठी काढलं होतं, ते सांगते. सांगताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मला कीर्तनाचं वेड आहे. आमच्या देवळात, म्हणजे शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या चर्चमध्ये, सणाच्या आधी दोन महिने रोज पाच ते सहा कीर्तनाचा सराव चालतो. याकोबदादा साळवे उभे राहतात, गळ्यात वीणा, पायांत चाळ नाहीत तरी चाळ वाजल्यासारखी पावलं. मागे टाळकरी म्हणून आमच्याच शाळेची पोरं. ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, कुणी विचारत नाही. प्रभूचं नाव तालावर आलं की माझे डोळे भरतात, आणि मला मनापासून वाटायचं, की जो मात्रा मोजतो त्याला गणित येणारच.

ऑगस्टच्या घटक चाचणीनंतर संख्याशास्त्राच्या प्रकल्पाची वेळ आली, तेव्हा माझ्या डोक्यात हेच भूत. तिसगावच्या बाजारातून कार्डशीट आणलं. आडव्या रेषेवर लिहिलं, ऑगस्टात कीर्तनाच्या सरावाला किती दिवस गेलात. उभ्या रेषेवर, गणितात वीसपैकी किती गुण. एका मुलाचा एक ठिपका. जितके दिवस तितकं उजवीकडे, जितके गुण तितकं वर.

"ठिपके डावीकडून उजवीकडे वर चढत गेले," मी पोरांना म्हटलं, "तर काय समजायचं? एक वाढलं की दुसरंही वाढतं. याला म्हणतात सहसंबंध."

मला पक्की खात्री होती, ठिपके चढणार.

ठिपके उतरले.

"बाई, ठिपके घसरगुंडी खेळत्यात!" मागच्या बाकावरून ओम ओरडला आणि वर्ग खदखदला. गावातली पोरं, सरावाला दोन-तीन दिवस गेलेली, पंधरा-सोळा गुण घेऊन डावीकडे वर बसलेली. वस्तीवरची पोरं, अठरा-अठरा दिवस टाळ वाजवलेली, उजवीकडे खाली गोळा झालेली. एकच ठिपका वर उजव्या कोपऱ्यात सगळ्यांपासून तुटून बसला होता. वीस दिवस कीर्तन आणि सतरा गुण. ती प्रार्थना, याकोबदादांची नात.

"तो अपवाद," मी घाईनं म्हटलं आणि कार्डशीट गुंडाळलं. इतका राग आला होता, की त्या एका ठिपक्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. शनिवारी सरांनी प्रकल्पाच्या फायलीसाठी मागितलं, मी देऊन टाकलं. घरात नकोच होतं ते मला.

आणि आता ही लाल रेघ.

"या सातही जणांचं नाव शाळेतून कमी करायचं," सर म्हणाले. "सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देऊ दे. पालकांना दुपारी बोलावलंय. आणि ते कीर्तन बंद. शाळेतलं एक पोरगं तिकडं दिसता कामा नये."

"सर, दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळं दुसरी होते असं नाही. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे."

"मग कारण काय?"

मी त्या लाल नावांवरून बोट फिरवलं.

"आलेख तुमचा, बाई. अक्षर तुमचं. मी फक्त रेघ मारली."

तिथून वर्गात गेले ते दात खाऊनच. पहिला तास माझाच. फळ्यावर खडू दोनदा मोडला. दाराबाहेर नेहमीची पोरं येऊन उभी राहिली, मी नेहमीसारखंच त्यांच्याकडे बघितलं नाही.

दुपारी पालक आले. ऑफिसातून बाहेर पडले ते हातात एकेक कागद घेऊन. त्या सातांतल्या राजनंदिनीची आई मालनबाई व्हरांड्यात माझ्यापुढं येऊन थांबली. खुरपणीतून तशीच आली होती, पदराला माती.

"बाई, ह्यो कागद कसला वो?"

"बाहेरून परीक्षेला बसायचा."

"बाहेरून म्हंजी?"

"शाळेत यायचं नाही. घरी अभ्यास करायचा आणि मार्चमध्ये पेपर द्यायचा."

मालनबाईनं कागदाची घडी घातली. "बाहेरून बसायचं म्हंजी घरीच बसायचं की वो. शाळा हाय म्हनून मी तिच्या चुलत्याला सांगती, औंदा नगं, पोरगी शिकती. आता काय सांगू? दिवाळीच्या आत स्थळ आनून उभं करील त्यो." मग तिचा आवाज चढला. "सर म्हनले, पोरगी टाळ कुटीत बसती म्हनून नापास झाली. तुमीच लिवलंय म्हनं तसं. व्हय का?"

"मी तसं लिहिलं नाही, मालनबाई."

"मग कुनी लिवलं? टाळ तिच्या हातात दिला कुनी? तुमीच ना!"

तिचं खरं होतं. सरावाच्या पहिल्याच दिवशी राजनंदिनीचा आवाज ऐकून मीच तिला पुढं बसवलं होतं.

"सही उद्या द्यायची हाय," ती म्हणाली आणि चपला फटफटवत निघून गेली.

पाचला शाळा सुटली. मी देवळात गेले ती सराव बंद आहे हे सांगायला. याकोबदादांना आधीच कळलं होतं. पालवे सरांनी शिपायाकडून चिठ्ठी पाठवली होती. दादांनी ती वाचली, घडी घातली आणि पेटीच्या मोडक्या पट्टीखाली टेकण म्हणून सारली.

"बरी बसली," ते म्हणाले. "पोरांनो, उत्तररंग. बापाचा प्रसंग."

आमच्या कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात वचन घेऊन त्याचा अर्थ उकलायचा, उत्तररंगात तोच अर्थ गोष्टीतून उभा करायचा. यंदाच्या आख्यानात दहा भाऊ आपल्या लाडावलेल्या धाकट्या भावाला परदेशी विकून टाकतात आणि त्याचा रंगीत झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून म्हाताऱ्या बापापुढे आणतात. बाप झगा ओळखतो, रक्त बघतो आणि हंबरडा फोडतो, माझ्या लेकराला हिंस्र पशूनं खाल्लं.

दादांनी वीणा थांबवली. "ऐका बरं का मंडळी! झगा खरा होता. रक्त खरं होतं. दोन्ही एकाच जागी होतं, तेबी खरं. बापानं मनानं जोडलं तेवढंच खोटं. पन त्या खोट्यापायी म्हातारा वीस वर्सं रडला!"

टाळ पडले. माझ्या अंगावर काटा आला, पण भक्तीचा नव्हे. पुढच्या रांगेत प्रार्थना आणि राजनंदिनी शेजारी शेजारी बसल्या होत्या. एकच टाळ, एकच ताल. एकीचा ठिपका वर, एकीचा खाली. टाळ कुटून डोकं बिघडत असेल तर प्रार्थनाचं का नाही बिघडलं?

मी दोघींना बाहेर ओसरीवर बोलावलं.

"राजनंदिनी, तू रोज कीर्तनाला का येतेस?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "गाडी सव्वासहाला हाय म्हनून."

"म्हणजे?"

"वस्तीची गाडी. जूनपासून टाइम बदललाय. पाचला शाळा सुटती, सव्वासहापर्यंत फाट्यावर हुभं कुठं राहायचं? तिथं पोरं शिट्ट्या मारत्यात. हितं सावली हाय, पानी हाय. ज्या दिवशी चुलता मोटारसायकलवर न्यायला येतो त्या दिवशी मी येत न्हाई."

मला वाटायचं पोरं प्रभूच्या ओढीनं येतात.

"आणि सकाळी?"

आता तिनं वर बघितलं. इतका राग मी त्या पोरीच्या डोळ्यांत कधी पाहिला नव्हता.

"सकाळी तीच गाडी सव्वाअकराला येती. तुमचा तास पावनेअकराला. तुमी आत घेत न्हाई."

शाळेत माझा एक नियम प्रसिद्ध आहे. कीर्तन उभं राहिलं की मधे कुणी उठत नाही, मधे कुणी शिरत नाही, रंगाचा भंग होतो. तसाच माझा तास. दार लोटलं की उशिरा येणाऱ्यानं बाहेर निंबाखाली थांबायचं, पुढच्या तासाला आत यायचं. ही शिस्त मी अकरा वर्षं मिरवली. मला वाटायचं ही पोरं फाट्यावर चहाच्या टपरीवर रेंगाळतात.

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं हुतं. जूनमधी. तुमी म्हनला, कारनं नकोत."

प्रार्थना हळूच म्हणाली, "हो बाई. म्हणाला होतात."

मला आठवलं नाही. हेच जास्त लागलं.

पिशवीतून मी माझी हजेरी काढली. शेवटच्या पानांवर मी दाराबाहेर राहिलेल्यांची नावं तारखेवार लिहून ठेवते, शिस्तीसाठी. ऑगस्टचं पान उघडलं. सगळं तिथंच होतं, माझ्याच अक्षरात. राजनंदिनी, अठरा दिवस बाहेर. तिच्या खालचा सतरा. त्याच्या खालची सोळा. आणि प्रार्थना, जिचं घर शाळेच्या भिंतीला लागून आहे, एकही दिवस नाही.

"वही आण," मी राजनंदिनीला म्हटलं. "चौकटीची. तू काढ. मी नावं न वाचता आकडे सांगते."

"मी कशाला काढू?"

"कारण माझ्या हातून एकदा चुकलंय."

तिनं वही आणली. ओसरीच्या पायरीवर बसून आडव्या रेषेवर लिहिलं, बाहेर काढल्याचे दिवस. मी 'बाहेर राहिल्याचे' म्हणाले होते. तिनं लिहिलं ते मी खोडायला लावलं नाही. मी आकडे सांगत गेले, ती ठिपके देत गेली. आत दादांचा आवाज चढत होता. एकेचाळीस ठिपके झाले. आधीपेक्षा कितीतरी घट्ट, एकामागे एक, मुंग्यांची रांग उतरावी तसे. आणि प्रार्थनाचा तुटलेला ठिपका मुकाट्यानं डावीकडे, इतर गावच्या पोरांत जाऊन बसला होता.

राजनंदिनी त्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवून बसली. "ही आता एकटी न्हाई राहिली," ती म्हणाली.

"इतिहासात तुला किती?"

"सोळा. त्यो तास दुपारचा असतो."

साडेपाच वाजून गेले होते. हेडसर सहापर्यंत असतात. मी पोरीला हाताला धरलं आणि कुंपणाच्या फटीतून सरळ शाळेत शिरले. तिनं हात सोडवून घेतला, पण मागे आली.

पालवे सर पिशवी भरत होते.

"सर, गणित कीर्तनानं बिघडलेलं नाही." मी वही टेबलावर ठेवली. "पोरं गाडीनं येतात म्हणून माझा तास बुडतो, आणि गाडीनं जातात म्हणून कीर्तनाला बसतात. दोन्हीचं मूळ एक, गाडी. कीर्तनाचा आणि गुणांचा एकमेकांशी काही संबंध नाही. प्रार्थना रोज कीर्तनाला बसते, पण गाडीनं येत नाही. तिला सतरा आहेत."

सरांनी उभ्याउभ्याच वही बघितली. "म्हणजे पोरं उशिरा येतात. मग तर फॉर्म भरलेच पाहिजेत." आणि पिशवी खांद्याला लावली.

"सर, बसा की," राजनंदिनी म्हणाली. आवाज मोठा होता. "आत्ता कुठं पूर्वरंग झालाय. तुमी उत्तररंगाच्या आधीच उठून चाललाय."

सर चमकले. गावातल्या सप्ताहाला तेही पहिल्या रांगेत बसतात. कीर्तन अर्धं टाकून उठणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते बसले. पिशवी मात्र खांद्यावरच राहिली.

"आमी उशिरा येत न्हाई," ती म्हणाली. "गाडी उशिरा येती. आमी सव्वाअकराला शाळेत असतो. साडेअकरापर्यंत निंबाखाली हुभं असतो. बाकीच्या सरांच्या तासाला आमी हजर. बघा की मस्टर."

"गाडी सव्वाअकराला येते तर पहिला अर्धा तास बुडणारच ना? त्याला मी काय करू?"

"पहिला तास गणिताचा ठेवायचा नाही," मी म्हटलं. "पाचवा ठेवायचा. आणि तोवर दार उघडं."

"मग इतके दिवस दार बंद कुणी ठेवलं?"

"मी."

सरांनी ड्रॉवर उघडला, कोरा कागद काढला आणि माझ्यापुढं सरकवला.

"लिहून द्या. पोरं तुमच्या नियमामुळं मागं पडली. सही, तारीख. वरून तपासणी आली तर मला दाखवायला हवं."

मला असा संताप आला, की तो कागद त्यांच्या तोंडावर फेकावा. सात लेकरांच्या नावावर लाल शाई ओतताना यांना कागद लागला नाही. माझ्या वेळी बरा लागला. पण राजनंदिनी माझ्याकडे बघत होती. दया नव्हती त्या बघण्यात. बाई लिहितात का, एवढंच बघत होती.

मी लिहिलं. चार ओळी. काहीही गुळगुळीत केलं नाही. खाली सही केली आणि मग भिंतीपाशी जाऊन कार्डशीट ओढून काढलं. एक कोपरा टाचणीलाच राहिला.

"ते शाळेचं आहे, बाई."

"पंचवीस रुपयांना मी आणलंय, सर."

त्यांनी सात कोरे फॉर्मही टेबलावर टाकले, पालकांसाठी काढलेली दुसरी प्रत. "हेही न्या. उद्या पालकांच्या सह्या नकोत. पण ऐकून ठेवा, दुसऱ्या चाचणीत हे सात जण रेघेखाली दिसले, तर हे फॉर्म तुम्ही भरायचे. तुमच्या हातानं."

"दिसणार न्हाई," राजनंदिनी म्हणाली.

"मी बाईंना म्हणालो."

"मी तुमाला म्हनले, सर."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि ती पळाली. वही टेबलावरच राहिली. मी ती छातीशी धरून देवळात परत गेले, तर सहा वाजून गेले तरी दादा शेवटचं भजन म्हणत होते आणि गावातली तीन-चार पोरं तेवढी टाळ धरून होती. मी टाळ उचलला. ताल चुकला. दादांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. प्रभूपुढे मी त्या संध्याकाळी काही मागितलं नाही. मला लाज वाटत होती.

मंगळवारी पावणेअकराला मी वर्गात गेले आणि दाराला वीट लावून ठेवली. वर्ग विटेकडे बघत राहिला. हजेरी घेतली, त्रिकोणाचं एक उदाहरण फळ्यावर सोडवलं. सव्वाअकराला पावलं वाजली. सातही जण सवयीनं निंबाकडे वळले.

"आत या," मी म्हटलं.

ते दारात थबकले. एकमेकांना ढोसायला लागले. राजनंदिनी पहिली आत आली, कुणाकडे न बघता बाकावर बसली. मी पुसणं उचलून फळा स्वच्छ केला.

"बाई!" ओम कळवळला. "आमचं झालंय की! परत पहिल्यापासून?"

"ओम, कीर्तनात ध्रुपद कितीदा येतं?"

"लई वेळा."

"कुणी म्हणतं का, झालंय की?"

ओमनं डोकं खाजवलं. मी सतरा नंबरचे सात फॉर्म काढले. त्यांच्या कोऱ्या पाठीवर सकाळी उठून मी पाच-पाच उदाहरणं लिहून ठेवली होती. एकेकापुढे ठेवत गेले. राजनंदिनीनं तिचा कागद उलटा करून छापील बाजू बघितली. अर्जदाराचं नाव, कोरी जागा. बराच वेळ ती त्या जागेकडे बघत राहिली. मग कागद पालथा घातला आणि पेन्सिल काढली.

मी हजेरी पुन्हा उघडली. या सात नावांपुढं आज मी अजून काहीच मांडलं नव्हतं.

"राजनंदिनी."

तिनं मान वर केली नाही. पहिलं उदाहरण तिनं अर्ध्यापर्यंत आणलं होतं.

"राजनंदिनी," मी पुन्हा म्हटलं.

"हजर हाय," ती म्हणाली. 'बाई' म्हणाली नाही.